खळ्यावर उघडलेलं इंजिन

गेल्या हिवाळ्यात आमच्या खळ्यावर एक इंजिन उघडं पडलं होतं. खळं म्हणजे घरापुढचं अंगणच. भात कापून आणलं की ते शेणाने सारवायचं आणि त्यावर झोडायचं. झोडणी नुकतीच उरकली होती. माझ्या मते त्या सारवलेल्या जागेवर आता भात वाळत पडायला हवं होतं. नवऱ्याच्या मते सगळ्या गावात एवढी स्वच्छ, सपाट जागा दुसरी नव्हती, त्यामुळे ती गाडी खोलायलाच केलेली होती. मला विचारायची पद्धत आमच्याकडे नाही. शिवणयंत्रावरून मान वर केली तर जीप खळ्याच्या मधोमध उभी, बॉनेट उघडं, आणि हे गृहस्थ आत डोकं घालून उभे. लिहिताना मी त्याला 'तो' म्हणणार आहे. तोंडावर 'तुमी'च म्हणते, तेवढी रीत पाळते.

घरात आम्ही तिघंच. मी ब्लाउज शिवते, नवरा मुरबाडला एका कारखान्यात मशिनं दुरुस्त करतो, आणि तिसरी सासू. सासूच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला शहापूरला डायलिसिसला न्यावं लागायचं. जीप न्यायची तर त्या दिवशी नवरा रात्रपाळी मागून घ्यायचा. एक पाळी चुकली तर पाय सुजायचे, दोन चुकल्या तर दम लागायचा, आणि तिसरी चुकवून बघा असं डॉक्टरांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. आमचं गाव शहापूर-मुरबाड रस्त्याला, किन्हवलीच्या पुढे. जाताना ती ठीक असायची. येताना मात्र तिच्या पोटऱ्यांत गोळे यायचे, ओकाऱ्या व्हायच्या, बसवायचं नाही. आमच्या जुन्या जीपला मागे दोन लांब बाकडी होती. एका बाकड्यावर गोधडी घालून तिला आडवी करायची, मी खाली पायाशी बसायची, आणि नवरा खड्डे चुकवत हळूहळू घरी आणायचा. तिचं जगणं त्या बाकड्यावर चाललं होतं म्हटलं तरी चालेल.

ती आता नाही. शिमग्याच्या आधी गेली. म्हणून हे लिहिता येतं.

कार्तिक संपता संपता एका शुक्रवारी येताना जीपच्या मागून पांढरा धूर निघायला लागला. घरी पोचलो कसेबसे. नवऱ्याने ऑइलची पट्टी बाहेर काढून बघितली, बोटावर घेतली, आणि मला दाखवली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलं आणि पाणी ऑइलमध्ये उतरलं, असं तो म्हणाला. पिस्टनच्या रिंगाही झिजलेल्या होत्या, ते त्याला आधीपासून माहीत होतं. इंजिनचं काम काढावं लागणार होतं. गॅरेजवाला म्हणाला, लग्नसराई आहे, नवरानवरीच्या गाड्या रांगेत आहेत, महिनाभर हात लागणार नाही. भाड्याच्या गाड्यांचंही तेच. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे चार चाकं असलेलं सगळं वऱ्हाडाला जुंपलेलं असतं. आणि मोकळी मिळालीच तर डायलिसिस संपेपर्यंत कोण थांबतो?

"मी खोलतो घरीच," नवरा म्हणाला.

ओटीवरच्या खाटेवर सासू पडली होती. तिने मान वळवली आणि एवढंच विचारलं, "तू?"

त्या एका 'तू'मध्ये काय काय होतं ते बाहेरच्याला कळणार नाही. सासूच्या लेखी तिला दोन मुलगे होते, एक हुशार आणि एक हा. हुशार तो धाकटा. शिकला, बदलापूरला फ्लॅट घेतला, दिवाळीला मिठाईचा खोका आणि तिच्यासाठी शाल घेऊन यायचा. आणि हा थोरला, जो रोज तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या मोजून भरून ठेवायचा, कारण जास्त पाणी तिला चालत नव्हतं, याला 'एक काम धड जमत नाय'. ह्याने शाकारलेली कौलं गळली, ह्याने बसवलेला नळ ठिबकला, ह्याने लावलेला आंबा धरला नाही. त्या यादीत मीही कुठेतरी होते, ह्याने करून आणलेली बायको म्हणून. मला ते माहीत होतं आणि तिला माहीत होतं की मला माहीत आहे. एवढ्या समजुतीवर आम्ही दोघी बरीच वर्षं एका चुलीवर जेवलो.

खरं तर मशीन हा एकच विषय असा होता, जिथे नवऱ्याकडे कोणी बोट दाखवावं असं काही नव्हतं. कारखान्यात लागायच्या आधी तो हीच जीप शहापूर-मुरबाड लाइनवर चालवायचा. पॅसेंजर भरायचा, मालकाला पैसे द्यायचा, आणि बिघडली की रस्त्याकडेला स्वतःच पाना घेऊन आडवा व्हायचा. मालकाने ती विकायला काढली तेव्हा त्याने घेतली. तिचा नट न् नट त्याला ठाऊक होता. पण सासूने ते कधी बघितलं नव्हतं. घरच्या खळ्यावर, तिच्या डोळ्यांसमोर इंजिन उघडायची ही पहिलीच वेळ होती. तो तिला काहीतरी दाखवणार होता. पन्नाशीला आलेला माणूस, पण मला ते स्पष्ट दिसत होतं आणि मला त्याची दया आली.

मधले दिवस फार वाईट गेले. सकाळी रिक्षाने जायचं. येताना ती रिक्षाच्या सीटवर आडवी, डोकं माझ्या मांडीवर, पाय मुडपून, आणि प्रत्येक खड्ड्याला तिचं डोकं माझ्या मांडीवर आपटायचं. ती कण्हायची नाही. एरवी भाजीत मीठ जास्त पडलं तर वाडीभर सांगणारी बाई त्या रिक्षात एक शब्द बोलायची नाही. नुसती माझा पदर मुठीत धरायची. घरी आल्यावर तो पदर चुरगळलेला असायचा आणि मी तो तसाच खोचून स्वयंपाकाला लागायची.

थंडी त्या वर्षी लवकर पडली होती. माळशेजकडून वारं उतरलं की दुपारीही अंगात स्वेटर ठेवावा लागायचा. नवऱ्याची पहिली पाळी असायची. तो तीनच्या पुढे घरी यायचा, चहा प्यायचा आणि खळ्यावर जायचा. मग उजेड असेल तेवढंच काम. हिवाळ्यात तो असतो कितीसा? दिवस डोंगराआड गेला की बोटं गारठायची, पाना हातातून सुटायचा, आणि सगळं प्लास्टिकच्या कागदाखाली झाकून तो हात धुवायला यायचा. हात मात्र निघायचे नाहीत. डिझेलचा वास जेवणाला, अंथरुणाला, मी शिवलेल्या ब्लाउजांनाही लागला. एका नवरीच्या आईने ब्लाउज नाकाशी धरला आणि माझ्याकडे बघितलं. मी तो परत धुऊन दिला.

खळ्याच्या कडेला पेंढ्याची उडवी रचलेली होती. शेतं रिकामी झाली की उंदीर घराकडे येतात, आणि उडवीत त्यांची वसाहतच होते. सासूला उंदरांचा भारी राग. त्यातून तिची एक जुनी रीत होती. दिवेलागणीला घरात एकही तोंड उघडं राहता कामा नये. घागरीवर झाकण, पिठाच्या डब्याला फडकं, भाताच्या कणगीच्या भोकाला पेंढ्याचा बोळा. तिच्या आईने तिला हे शिकवलं होतं आणि तिने मला शिकवायचा प्रयत्न केला होता. आजारपणात तिच्याकडून एकेक काम सुटत गेलं. आधी शेत, मग पाणी, मग भाकरी. हे तेवढं राहिलं होतं. संध्याकाळी ती भिंतीला धरून धरून घरभर फिरायची आणि तोंडं झाकायची.

हेड काढल्यावर इंजिनच्या माथ्यावर किती भोकं दिसतात ते मलाही तेव्हाच कळलं. पाण्याची भोकं, ऑइलची भोकं, आणि पिस्टनची मोठी. सासू ते बघून हबकलीच. "अरे, ही सगळी उघडी ठेवणार तू?" नवरा म्हणाला, "कागद टाकतो ना वर." कागदावर तिचा विश्वास नव्हता. माझ्या यंत्राखाली चिंध्यांची टोपली असते, कापून उरलेले अस्तराचे तुकडे. ती त्यातले तुकडे घ्यायची, बोळे करायची आणि उलथन्याच्या दांड्याने एकेका भोकात बसवायची. दुसऱ्या दिवशी नवरा कागद काढायचा, बोळे बघून हसायचा, आणि एकेक उपटून टाकायचा. "आये, उंदीर काय इंजिन चालवणार हाय का?" असं विचारायचा. ती म्हणायची, "तुझ्यापेक्षा बरा चालवील." दोघं खुशीत असायची तेव्हा. तेवढ्या दिवसांत मी त्यांना एकमेकांशी जितकं बोलताना ऐकलं तितकं आधी कधी ऐकलं नव्हतं.

रिंगा बदलल्या, पिस्टन बसले, ऑइल साठतं तो चेंबर खालून चढला. हेड शहापूरला लेथवाल्याकडून घासून आणलं. मधे एका रविवारी धाकटा दीर आला. पांढरे बूट खळ्याच्या बाहेर ठेवून लांबूनच बघत म्हणाला, "दादा, भंगारात घाल ना ही. कशाला जीव घालतोस?" नवरा जमिनीवर पालथा पडून काहीतरी मापत होता. जॅक नीट बसत नाही, जमिनीला थोडा उतार आहे, असं तो म्हणाला. खाटेवरून सासू लगेच म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." धाकटा मोठ्याने हसला. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू. पण नवऱ्याने वर बघितलं नाही तेव्हा ते तिथल्या तिथे जिरलं.

तीन दिवसांनी त्याने हेड चढवलं. त्या दुपारी मी एका नवरीच्या पोपटी ब्लाउजचं अस्तर कापत होते. सासूने टोपलीतून चिंध्या नेल्या आणि दिवेलागणीची वाट न बघता बोळे बसवले. तो आल्यावर त्याने नेहमीसारखे बोळे उपटले, फडक्याने माथा पुसला, नवं पॅकिंग ठेवलं आणि हेड बसवून बोल्ट ओढले. मग गाडी चालू झाली. पहिल्याच सेल्फला, घुर्र करून. काय आवाज होता! शिलाईयंत्राला तेल दिल्यावर जसं ते हलकं चालतं, तसा. नवरा बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभा राहिला आणि ओटीकडे बघत राहिला. सासू म्हणाली, "चालू झाली वाटतं." तो एवढ्यावर खूश होता.

शुक्रवारी आम्ही जीपने गेलो. सासू बाकड्यावर ताठ बसून, खिडकीतून रस्त्यावरच्या ओळखीच्या माणसांना हात करत होती. येताना ती आडवी, मी पायाशी. किन्हवलीच्या अलीकडच्या चढावर इंजिनमधून ठोके यायला लागले. ऑइलचा दिवा पेटलेला बघून नवऱ्याने गाडी बाजूला घेईपर्यंत ते एक मोठा आचका देऊन बंद पडलं. त्याने खाली उतरून बॉनेट उघडलं, पण हात लावला नाही. त्याला आवाजावरूनच कळलं होतं.

दिवस मावळत होता, वारं सुटलं होतं, आणि सासूच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. मी चोळत होते. तेवढ्यात मंडपवाल्याचा टेम्पो आला. तो एका लग्नावरून सामान घेऊन परतत होता. त्याने थांबून, सामान सरकवून जागा केली. लाल गालिच्यांच्या गुंडाळ्यांवर आम्ही सासूला निजवलं. तिच्या उशाशी प्लास्टिकच्या फुलांच्या माळा होत्या. अशी ती घरी आली. त्या दिवशी ती मरते असंच मला वाटलं.

जीप दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने ओढून आणली. सुट्टी टाकून नवऱ्याने चेंबर खाली उतरवला. सासू आत झोपली होती. त्याने मला हाक मारली नाही, पण तो फारच वेळ हलला नाही म्हणून मी गेले. खाली पडल्या पडल्या तो एका जाळीकडे बघत होता. ऑइल वर ओढणारा पंप असतो, त्याच्या तोंडाशी ती जाळी. जाळीला एक बोळा चिकटला होता. ऑइलने काळा झालेला, पण मी तो पिळला तेव्हा घडीच्या आत रंग दिसला. पोपटी. माझ्याच कात्रीने कापलेलं अस्तर. बोळा भोकात खोल गेला होता, त्याला दिसला नव्हता, आणि तिथून खाली चेंबरमध्ये पडला होता. पंपाने तो ओढून घेतला आणि इंजिन ऑइलवाचून कोरडं चालून जाम झालं.

मी वाट बघत होते की तो आता काहीतरी बोलेल, शिवी देईल, पाना फेकेल. त्याने तो बोळा माझ्या हातातून घेतला आणि शर्टाच्या खिशात घातला.

"आयेला सांगायचं नाय," तो म्हणाला.

"का नाय सांगायचं?"

"नाय सांगायचं."

मी भांडले. हळू आवाजात भांडावं लागलं म्हणून जास्तच भांडले. मी म्हटलं, जन्मभर तुमाला नावं ठेवली, आता एकदाच तुमी काम चोख केलं आणि ते तिच्याच हाताने बिघडलं, तर निदान तेवढं तरी तिला कळू दे. तो उठून बसला. म्हणाला, "तिला कळलं तर उद्यापासून ती घागर झाकायची नाय. मग दिवसभर करील काय ती?" मी त्याला हात पुसायला फडकं दिलं. राग मात्र गेला नाही. अशा माणसाशी भांडणंही धड करता येत नाही.

संध्याकाळी सासूने विचारलं, "काय झालं रे गाडीला?"

"एक बोल्ट ढिला राहिला, आये. माझंच चुकलं."

"वाटलंच मला," सासू म्हणाली.

त्यानंतर ती जे सुरू झाली ते थांबलीच नाही. जो कोणी तब्येत बघायला येईल त्याला ती आधी बोल्टाची गोष्ट सांगायची. दूधवाल्याला सांगितली, शेजारणीला सांगितली, डायलिसिसच्या नर्सला सांगितली. भर थंडीत मला मंडपाच्या टेम्पोत निजवून आणली, पोराने बोल्ट आवळला नाय. फोनवर धाकट्याला सांगितली आणि तो म्हणाला, मी तेव्हाच भंगार म्हटलं होतं. ती सांगायची तेव्हा नवरा बहुधा तिथेच असायचा. मान खाली घालून बाजूची भांडी आवरायचा. एकदा कोणीतरी त्यालाच विचारलं, खरं का रे? तो म्हणाला, "हो, राहिला खरा ढिला." तेव्हा माझ्या तोंडाशी आलं होतं. मी उंबऱ्यात उभी राहिले, तोंड उघडलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "चहा ठेव."

मी चहा ठेवला. साखर घालायची विसरले, तरी सगळे तसाच प्याले.

कोरडा फिरून चरे पडलेला इंजिनचा दांडा, क्रँक, भिवंडीला नेऊन घासून आणावा लागला. नवी बेरिंगं, नवी पॅकिंगं. पौषात तो दुसऱ्यांदा इंजिन जुळवायला बसला तेव्हा त्याच्यात पहिल्या खेपेची हौस नव्हती. पाळीवरून यायचा, चहा प्यायचा आणि खाणावळीत भांडी घासायला जावं तसा खळ्यावर जायचा. सासू आता ओटीवरून खाली येत नव्हती. पायांची सूज उतरेनाशी झाली होती. रिक्षातून येताना ती पदर धरायची, पण त्या धरण्यात जोर नव्हता. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं होतं आणि आम्ही ते घरी आणलं नव्हतं.

इंजिनचा माथा पुन्हा उघडा झाला त्या दिवशी नवऱ्याने स्वतःच खाट उचलून खळ्याच्या कडेला आणली, उन्हात. सासूला धरून बसवलं. मग माझ्या टोपलीतल्या चिंध्या घेतल्या, बोळे केले, आणि प्रत्येक बोळ्याला हातभर सुतळी बांधली. असे ओंजळभर बोळे त्याने तिच्या मांडीवर ठेवले. म्हणाला, "आये, माझ्या हातांना डिझेल हाय. एवढी भोकं तूच बंद कर."

मी शिवत होते. मला सुई दिसेना. याने आत जाऊन निदान एकदा तरी रडावं किंवा ओरडावं असं मला वाटत होतं आणि हा सुतळ्या बांधत बसला होता.

सासूने एक बोळा उचलला. "ही दोरी कशाला रे?"

"काढायला सोपं जातं."

तिने ती सुतळी बोटाभोवती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. मग त्याने तिला बगलेत धरून गाडीशी नेलं आणि तिने एकेक बोळा बसवला. वेळ लागला. बोल्टाची गोष्ट त्या दिवसानंतर तिने कोणाला सांगितली नाही. मला वाटलं, सांगायचा जोर राहिला नसेल.

गाडी चालू झाली. आवाज पहिल्यासारखाच होता. बॉनेटवर हात टेकून उभं राहणं वगैरे त्याने काही केलं नाही. हात पुसले, कागदाची घडी घातली आणि आत येऊन विचारलं, मंगळवारी किती वाजता निघायचं.

मंगळवारी आम्ही जीपने गेलो. ती जाताना बसू शकली नाही, जातानाच आडवी होती. डायलिसिसच्या खोलीत नर्स सुया लावून दुसऱ्या पेशंटकडे गेली. नवरा बाहेर बाकावर होता. मी तिची शाल नीट करत होते. तिने माझा पदर धरला.

"गो, खरं सांग. पहिल्या टायमाला इंजिनात काय सापडलं होतं?"

मी हात थांबवला.

"त्याने या खेपेला बोळ्यांना दोऱ्या बांधल्या," ती म्हणाली. "तवापासून माझ्या डोक्यात किडा वळवळतोय. माझा बोळा ऱ्हायला होता का आत? त्याला इचारलं तर तो नाय सांगायचा. तू सांग. तू माझ्याशी खोटं बोलत नाय."

ते खरं होतं. तिचं माझं कधी गोड नव्हतं, पण खोटंही नव्हतं. आणि सगळा हिवाळा मी याच प्रश्नाची वाट बघितली होती. वाक्यंसुद्धा माझी तयार होती, यंत्र चालवताना मी ती कितीतरी वेळा जुळवली होती. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती भ्याली होती. मरणाला नव्हती भ्याली एवढी, जेवढी माझ्या उत्तराला भ्याली होती.

"काय नाय, आई," मी म्हटलं. "बोल्टच ढिला होता. मी स्वतः बघितला. हातानेच फिरत होता."

तिने डोळे मिटले. पदर सुटला. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, जुना, ठसक्यातला, बऱ्याच दिवसांनी ऐकलेला. "आवळायचा ना मग नीट! एवढा घोडा झाला, एक बोल्ट आवळता येत नाय. धाकटा असता तर..." आणि ती बोलत राहिली. कौलांवर आली, नळावर आली, आंब्यावर आली. शेजारच्या खाटांवरचे पेशंट मान वळवून बघायला लागले. मी पांघरूण पायांवर ओढलं आणि बाहेर आले.

नवरा बाकावर हात मांडीत घेऊन बसला होता. नखांत अजून काळं होतं. मी शेजारी बसले.

"काय म्हणते?" त्याने विचारलं.

"तुमाला शिव्या देते," मी म्हटलं.

"मग बरी हाय," तो म्हणाला.